फॉर्म २२ भरायला बसण्याआधी: बालगृहात नव्याने लागलेल्या सोशल वर्करसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) संपवून बालगृहात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात लागलात की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तुमच्या हातात फॉर्म २२ (मुलाच्या सामाजिक तपासणीचा अहवाल) देतं आणि सोबत एक जुनी फाईल, "हे बघा आणि तसंच भरा" म्हणून. मीही तसंच भरलं. माझ्या सुरुवातीच्या रिपोर्टपैकी एक नऊ वर्षांच्या मुलीचा होता (ओळख पटेल असे तपशील बदललेत). रेल्वे स्टेशनवर एकटी सापडलेली, पोलिसांच्या कागदात "घरातून पळून आलेली" असं होतं, मी लिहिलं "घरातून पळून जाण्याची सवय आहे". सवय हा शब्द माझा. ती घरातून एकदाच निघाली होती. पुढच्या रिपोर्टमध्ये तो शब्द तसाच उतरला, समुपदेशकाच्या नोंदीत उतरला, दुसऱ्या संस्थेत बदली झाली तिथेही फाईलबरोबर गेला, आणि त्या "सवयी"मुळे तिला सहलीला न्यायचं नाही, गेटजवळ पाठवायचं नाही असं ठरत गेलं. दीड वर्षाने कुणीतरी तिला विचारलं की बाळा तू कुणाकडे निघाली होतीस, तर तिने मावशीच्या गावाचं नाव सांगितलं. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फॉर्म घर सोडण्याचं कारण विचारतो, कुणाकडे निघालीस ते विचारत नाही, आणि मी फॉर्मच्या बाहेर काही विचारलंच नव्हतं.

फॉर्म कसा भरायचा याचं ट्रेनिंग मिळतं, फॉर्म काय विचारत नाही याचं मिळत नाही. ते मला जसं उशिरा कळत गेलं तसं पायरी पायरीने लिहितोय.

आधी कागदांची साखळी समजून घ्या

हे पटकन सांगतो कारण हे कुठेही मिळेल. २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ ला लागू झाला आणि त्याचे मॉडेल नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले, आपण भरतो ते फॉर्म त्या नियमांतले. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर आणायचं, तेव्हाचा रिपोर्ट फॉर्म १७. मग समिती सामाजिक तपासणी करायला सांगते, तो आपला एसआयआर (सोशल इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट) म्हणजे फॉर्म २२, त्याला १५ दिवस. आणि मूल पहिल्यांदा समितीसमोर आल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हायला हवा. संस्थेत केस हिस्टरी असते फॉर्म ४३, आणि मुलाचा पुढचा प्लॅन म्हणजे आयसीपी, फॉर्म ७. त्या आयसीपीतच प्रगती अहवालाचा भाग आहे, पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर महिन्यातून एकदा, आणि मूल बाहेर पडण्याच्या १५ दिवस आधीचा वेगळा रिपोर्ट.

आता यातली ग्यानबाची मेख बघा. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, दिवसाला ढीगभर केसेस, एका मुलाला कितीशी मिनिटं मिळणार. म्हणजे ते बऱ्याचदा मूल बघत नाहीत, तुमचा कागद बघतात, आणि कायद्याने त्यांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तुम्ही लिहिलेल्या एका शब्दावर मुलाचं एक वर्ष इकडचं तिकडे होतं.

पहिली पायरी: फॉर्म कोरा असतानाच वाचा

एक संध्याकाळ काढा. फॉर्म २२ आणि फॉर्म ६ शेजारी शेजारी ठेवा. फॉर्म ६ हा विधी संघर्षग्रस्त बालकांसाठी, म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्यांच्यासाठी. फॉर्म २२ त्या मुलांसाठी ज्यांनी काहीही केलेलं नाही, ज्यांच्या बाबतीत मोठ्यांनी काहीतरी केलंय किंवा करायचं राहिलंय. आणि तरी दोन्हीत किती प्रश्न सारखे आहेत ते पेन्सिलने खुणा करून बघा. कुटुंबातल्या कुणावर गुन्हा होता का, अटक झाली का, शिक्षा किती. मुलाचे मित्र कसले, त्यात व्यसनी आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीचे असे पर्याय. सवयींमध्ये सिगारेट, दारू, जुगार, भीक.

हे असं का, तर ही पद्धत कोर्टातून आली आहे. मुंबई इलाख्यात १९२४ ला बालकांचा कायदा झाला, तेव्हापासून भटकणारं मूल आणि चोरी करणारं मूल एकाच व्यवस्थेत यायचं आणि परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) दोघांचीही चौकशी करून कोर्टाला रिपोर्ट द्यायचा. नंतर कायदे बदलले, भाषा बदलली, बाल कल्याण समिती आणि आरोप असलेल्या मुलांसाठीचं बाल न्याय मंडळ वेगळे झाले, पण चौकशीचा सूर राहिला. २०१५ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये कलंक लावणारी भाषा वापरू नये असं स्पष्ट तत्त्व आहे आणि त्याच कायद्याखालच्या फॉर्ममध्ये सहा वर्षांच्या अनाथ मुलाच्या जुगाराचा रकाना आहे. हा विरोधाभास तुमच्या टेबलावर रोज येणार.

याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. पारधी समाजातलं मूल घ्या. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९५२ ला तो रद्द झाला, पण आजही कुठे चोरी झाली की पोलिस आधी पारध्यांच्या पालावर जातात हे महाराष्ट्रात काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मग त्या मुलाच्या फॉर्ममध्ये "कुटुंबातील गुन्ह्यांचा इतिहास" हा रकाना भरगच्च भरतो, बाप दोनदा आत, काका एकदा, आणि समितीपुढे ते घर धोक्याचं दिसतं. यातल्या किती केसेस सिद्ध झाल्या, किती संशयावरून होत्या, यासाठी रकाना अपुरा आहे. तो तुम्ही बनवायचा, खाली वेगळ्या ओळीत लिहायचं की वडिलांना संशयावरून अटक, पुढे सुटका, मुलाशी वागणं असं असं. अटक झालेला बाप चांगला बाप असू शकतो, आणि एकही केस नसलेला माणूस घरात काय करत असेल ते सांगता येत नाही.

कोरा फॉर्म वाचताना एक यादी करा, काय विचारलेलं नाही याची. माझी यादी अशी होत गेली: मुलाला कोण आवडतं, रात्री कुणाजवळ झोपायची सवय होती, घरी कोणती भाषा बोलतात, भूक लागली की कुणाकडे जायचं, भावंडं कुठे आहेत आणि शेवटची भेट कधी. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

दुसरी पायरी: फाईलच्या आधी मूल

शक्य असेल तर पोलिसांचा कागद वाचायच्या आधी मुलाला भेटा. एकदा वाचलं की तुम्ही तेच शोधत बसता. ऑफिसमध्ये टेबलाच्या पलीकडे उभं करून विचारू नका, अंगणात बसा, स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून लसूण सोलत बोललात तरी चालेल, मुलं हाताला काम असलं की जास्त बोलतात. पहिल्या दिवशी फॉर्म काढूच नका.

भाषेचं बघा. गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारं तांड्यावरचं मूल, भिली बोलणारं नंदुरबारकडचं मूल किंवा बिहारहून आलेलं मूल मराठी प्रश्नांना "हो" "नाही" एवढंच बोलतं आणि आपण लिहून मोकळे होतो की "बुद्धी मंद वाटते, प्रतिसाद कमी". असा शेरा मी तीन वेगवेगळ्या फाईलींमध्ये वाचलाय, आणि त्यातल्या दोन मुली चार महिन्यांत मराठी शिकून वर्गात पुढे होत्या. भाषा येणारं माणूस शोधा, समितीला सांगून दुभाषी मागा.

आणि प्रश्न वळवून विचारायला शिका. "का पळालीस" याच्यात दोष आधीच आहे. "कुणाकडे निघाली होतीस", "तिकडे गेलीस की आधी काय करायचीस" हे विचारलं तर पत्ते मिळतात, नावं मिळतात, गावाजवळचा ओढा, देऊळ, एसटी स्टँडचं नाव मिळतं. मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत अवतरणात लिहा. "मला आजीकडं जायचंय पण काका नको" हे वाक्य तसंच्या तसं रिपोर्टमध्ये गेलं पाहिजे, "मुलीची घरी जाण्याची इच्छा आहे" असं त्याचं भाषांतर करू नका, कारण त्यात काका गायब होतो. आणि काका हाच मुद्दा असतो. मुलाचं म्हणणं ऐकणं ही आपली मेहेरबानी नाही, सहभागाचं तत्त्व कलम ३ मध्ये आहे आणि भारताने १९९२ ला स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम १२ मध्ये पण आहे.

तिसरी पायरी: गृहभेट

गृहभेटीशिवाय फोनवरून एसआयआर लिहिले जातात, गाडी नाही, टीए (प्रवासभत्ता) मिळत नाही, जिल्हा मोठा, हे सगळं खरं आहे. तरी न जाता लिहिलंत तर "गृहभेट झाली नाही, माहिती फोनवरून" असं पहिल्याच ओळीत लिहा. तेवढं प्रामाणिक असलं की समिती दुसरी भेट मागू शकते.

जाताना गावात थेट सरपंचाकडे किंवा पोलिस पाटलांकडे जाऊन "या घरचं मूल बालगृहात आहे" असं सांगू नका. तुम्ही निघून जाता, गाव तिथेच राहतं आणि मूल परत आलं की त्याला त्याच नावाने ओळखतं. आधी घर, मग आशाताई किंवा अंगणवाडी ताई, त्यांना घराघरातलं माहीत असतं आणि कसं बोलायचं तेही कळतं.

कधी जाता त्यावर काय दिसतं ते ठरतं. बीडकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या जोड्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. तुम्ही जानेवारीत गेलात तर दाराला कुलूप, एखादी म्हातारी, शेजारी म्हणणार "कुणी नाही बघायला पोरांना", आणि रिपोर्टमध्ये येणार "पालकांचे दुर्लक्ष". तेच घर जूनमध्ये बघा. पोरं अंगणात, आई भाकरी थापतेय, बाप खताच्या गोणीचा हिशोब करतोय. दुर्लक्ष आणि गरिबी या दोन गोष्टी आपल्या फाईलींमध्ये इतक्या एकमेकांत मिसळल्यात की वेगळ्या करणं हेच निम्मं काम आहे. स्वतःला एक प्रश्न विचारा: या घरात दर महिन्याला पैसे आणि हंगामात मुलाला राहायला जागा मिळाली तर मूल इथे सुरक्षित राहील का? उत्तर हो असेल तर ती गरिबीची केस आहे, आणि गरिबीसाठी मुलाला घरापासून तोडायचं नसतं. संस्था हा शेवटचा पर्याय, हेही कायद्याचंच तत्त्व आहे.

उत्तर नाही असेल तर नाही. घर म्हणजे सगळं गोड असं मी म्हणत नाहीये. मारहाण, लैंगिक अत्याचार, बालविवाहाची तयारी, हे दिसलं किंवा मुलाने सांगितलं तर कुटुंब जोडून ठेवायच्या भरात ते मवाळ करून लिहू नका.

चौथी पायरी: बघितलं, ऐकलं, वाटलं

रिपोर्ट लिहायच्या आधी कच्च्या वहीत तीन रकाने पाडा. मी स्वतः काय बघितलं. मला कुणी काय सांगितलं, आणि सांगणाऱ्याचा त्यात काय संबंध. मला त्यावरून काय वाटतं. माझा "सवय" हा शब्द तिसऱ्या रकान्यातला होता आणि मी तो पहिल्यात घातला.

काही शब्द फाईलींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, ते दिसले की थांबा. "विस्कळीत कुटुंब" म्हणजे नेमकं काय, वडील वारले, आई कामाला, आजी सांभाळते? मग तसं लिहा, ते विस्कळीत नाही, एक माणूस कमी असलेलं कुटुंब आहे. "हट्टी" म्हणजे जेवत नाही का, कधीपासून, कुठल्या वेळी. "खोटं बोलतो" म्हणजे तीनदा वेगळा पत्ता सांगितला, तर कदाचित त्याला घरी पाठवतील याची भीती असेल. "आई चारित्र्यहीन" हे तर मी अजूनही बघतो आणि मला संताप येतो, नवऱ्याने सोडलेल्या बाईने दुसरं घर केलं एवढ्यावरून. फॉर्ममध्ये आईवडिलांचे संबंध सलोख्याचे, असलोख्याचे की माहीत नाही एवढेच पर्याय आहेत, तिथे टिक करून सोडू नका, खाली दोन वाक्यं लिहा. आणि "माहीत नाही" हे पण उत्तर आहे, ते वापरायला घाबरू नका.

पाचवी पायरी: रिपोर्ट कोण लिहितंय आणि कुणाच्या पगारावर

हे बोललं जात नाही म्हणून थोडं थांबून लिहितो. अनुदानित संस्थेला पैसे मुलांच्या संख्येवर मिळतात. त्या संस्थेतला सोशल वर्कर त्या संस्थेचा कर्मचारी. आणि मूल इथे राहावं की घरी जावं याची शिफारस तोच लिहितो. मी कुणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही, माझ्या ओळखीचे कितीतरी अधीक्षक जीव ओतून काम करतात, पण पटसंख्या कमी झाली की स्टाफचा पगार अडकतो हे सगळ्यांच्या डोक्यात असतं आणि ते शिफारशीत झिरपतं, "मुलाच्या शैक्षणिक हिताच्या दृष्टीने संस्थेत ठेवणे योग्य" या वाक्यात ते झिरपलेलं मी वाचलंय. जिथे असं वाटेल तिथे समितीला विनंती करा की तपासणी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून करून घ्यावी, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये घरी राहण्याचे पर्याय तपासले का, हे नावानिशी लिहा. बालसंगोपन योजना, जिच्यात आता महिना २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतली स्पॉन्सरशिप, महिना ४,००० रुपये. ऊसतोडवाल्यांसाठी हंगामी वसतिगृह. प्रत्येकापुढे लागू आहे की नाही, नाही तर का नाही.

उलट्या दिशेनेही हेच. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना सांगितलं की संस्थांमधली मुलं शंभर दिवसांत घरी पाठवा. कोविडच्या सुरुवातीला देशभर संस्थांमध्ये २ लाख २७ हजारांवर मुलं होती आणि त्यातली १ लाख ४५ हजारांवर घरी गेली, हे आकडे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टासमोर आले आणि कोर्टाने अशा मुलांच्या शिक्षणासाठी महिना २,००० रुपये द्यायला सांगितले. घरी जाणं चांगलंच, पण इतक्या घाईत एकेका घराची नीट पाहणी होणं शक्य नसतं. संस्थेत कोंबणं असो की घरी ढकलणं असो, एकेका मुलाचा विचार सुटला की दोन्ही सारखंच.

सहावी पायरी: आयसीपीची नाव झाकून परीक्षा

फॉर्म ७ मला फॉर्म २२ पेक्षा बरा वाटतो. त्यात पहिलाच मुद्दा मुलाच्या अपेक्षा हा आहे, मग आरोग्य, भावनिक आधार, शिक्षण, खेळ, नाती, स्वतःच्या पायावर उभं राहण्याची कौशल्यं वगैरे. पण भरतात कसं? "समुपदेशन करणे. शिक्षण देणे. सकस आहार देणे." चाळीस मुलांना तीच तीन वाक्यं, कॉपी-पेस्ट.

परीक्षा सोपी आहे. नावावर हात ठेवा आणि सहकाऱ्याला वाचायला द्या, हे कोणाचं आहे ते ओळखता आलं पाहिजे. "दर रविवारी अकरा वाजता मावशीशी फोन, जबाबदारी रात्रपाळीच्या ताईंची", "डाव्या कानाने कमी ऐकू येतं, सिव्हिलमध्ये कानाची तपासणी १५ तारखेच्या आत", "चित्रं काढते, रंगपेटी आणि जागा" असं लिहिलं तर पुढच्या पंधरवड्याच्या अहवालात झालं की नाही हे तपासता येतं. ज्याच्यात तारीख नाही आणि माणूस नाही तो प्लॅन नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रयोग आपल्या आधी झालाय. १९९० च्या दशकात त्यांनी सरकारी देखभालीतल्या मुलांसाठी आरोग्य, शिक्षण, ओळख, नातेसंबंध अशा सात अंगांनी मोजणारे लांबलचक फॉर्म आणले, हेतू चांगला होता, आईबाप जसं लक्ष ठेवतात तसं सरकारने ठेवावं. नंतर ते कॉम्प्युटरवर गेलं, आणि २०११ च्या आयलीन मन्रो यांच्या अहवालात हेच पुढे आलं की नियम आणि रेकॉर्ड सांभाळण्यात कर्मचाऱ्यांचा मुलांबरोबरचा वेळ खाल्ला जातोय. आपल्याकडे आता मिशन वात्सल्यच्या पोर्टलवर एंट्री असते. एंट्री करा, पण मुलाबरोबर बसायची वेळ आधी डायरीत लिहून टाका आणि एंट्री उरलेल्या वेळेत.

सातवी पायरी: १५ दिवस पुरले नाहीत तर

बहुतेक वेळा पुरत नाहीत. मग अंदाजाने भरू नका. जेवढं कळलं तेवढं द्या, काय राहिलं ते लिहा, पुरवणी अहवाल कधी देणार ते लिहा, आणि द्या. जुन्या रिपोर्टमधलं काही चुकीचं सापडलं तर खोडू नका, तारीख घालून दुरुस्तीची नोंद जोडा आणि समितीला कळवा. मी त्या मुलीच्या बाबतीत ते केलं, खूप उशिरा, पण केलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी रिपोर्ट मुलाला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा, इतरांनी विश्वासाने सांगितलेलं वगळून. "हे असं नव्हतं" असं मूल म्हणतं तेव्हा बऱ्याचदा तेच बरोबर असतं.

फाईलचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, मदतीच्या आवाहनासाठीही नाही. कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शेवटची पायरी: अठरावं वर्ष

अठरा झाल्यावर अनुरक्षणगृह किंवा आफ्टरकेअरचा आधार २१ वर्षांपर्यंत मिळू शकतो, त्याची तयारी सतराव्या वर्षीच सुरू करा. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक. जातीच्या दाखल्याला सगळ्यात वेळ लागतो म्हणून तो आधी.

आणि अजून एक. बाहेर पडणाऱ्या एका मुलाने मला विचारलं होतं, दादा, माझ्या फाईलमध्ये माझा लहानपणीचा फोटो आहे का. एकच होता, मुलगा सापडला त्या दिवशी काढलेला, रडून सुजलेला चेहरा. दहा वर्षं तो आमच्याकडे होता आणि त्याच्या बालपणाचा दुसरा फोटो जगात कुठेच नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक फाईलमध्ये एक जाड पाकीट ठेवतो, त्यात दरवर्षी वाढदिवसाला काढलेला एक साधा फोटो, प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स, एखादं चित्र, कोणत्या वर्षी कोण रूममेट होतं ती नावं. मूल जाताना समितीला सांगून ते पाकीट त्याच्या हातात द्यायचं.